कारच्या एसीचा मॅनिफोल्ड गेज सेट: वापरून झाल्यावर सविस्तर सांगतो

आधीच सांगून टाकतो, वस्तू चांगली आहे आणि ज्याला स्वतःच्या गाडीचा एसी स्वतः तपासायचाय त्याने जरूर घ्यावी. पण मी जरा लांबलचक लिहिणार आहे, कारण या सेटबद्दल जिथे बघावं तिथे एकच वाक्य वाचायला मिळतं की गेज लावा, गॅस किती आहे ते लगेच कळेल. हे चुकीचं आहे, मुळातच चुकीचं आहे, आणि त्यापायी लोक धडधाकट सिस्टिममध्ये जास्तीचा गॅस भरून कॉम्प्रेसरची वाट लावतात. गेज प्रेशर दाखवतो. गॅस किती ग्रॅम आहे ते तो दाखवू शकत नाही. हे एवढं डोक्यात पक्कं असेल तर हा सेट फार कामाचा आहे, नसेल तर न घेतलेला बरा.

आधी वस्तूबद्दल. पेटीत मधोमध धातूचा मॅनिफोल्ड, त्यावर दोन गेज, निळा लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) आणि लाल हाय साइडचा (जास्त दाबाच्या बाजूचा), बाजूला दोन नॉब, खाली तीन पाइप निळा लाल पिवळा, दोन क्विक कपलर (पाइप गाडीच्या एसीच्या पोर्टवर, म्हणजे तोंडावर, अडकवायची टोकं) आणि बॉनेटला अडकवायला वर हुक. मधला पिवळा पाइप व्हॅक्यूम पंपासाठी (आतली हवा ओढून काढणारा) किंवा गॅसच्या कॅनसाठी, नुसतं निदान करायचं असेल तर त्याचं काही काम नाही, तोंड टोपीने बंद ठेवायचं. आणि दोन्ही नॉबही बंदच ठेवायचे. नॉब बंद असले तरी गेज रीडिंग दाखवतात, हे पहिल्यांदा वापरणाऱ्याला कोणी सांगत नाही, मग तो नॉब उघडून बसतो आणि लो साइड हाय साइड मॅनिफोल्डमधून एकमेकांना जोडल्या जातात, दोन्ही काटे भलतंच काहीतरी सांगायला लागतात.

कपलरबद्दल थोडं जास्त बोलतो कारण स्वस्त आणि बऱ्या सेटमधला खरा फरक तिथेच आहे, गेजमध्ये तितका नाही. आर-१३४ए गॅसच्या गाडीत लो साइडचा पोर्ट १३ मिमीचा आणि हाय साइडचा १६ मिमीचा असतो, त्यामुळे उलटसुलट लागतच नाहीत, हे फार बरं केलंय. लावताना कपलरवरचा नॉब आधी डावीकडे पूर्ण फिरवायचा म्हणजे आतली पिन वर जाते, मग रिंग मागे ओढून पोर्टवर सरळ दाबायचा, टक् आवाज आला आणि ओढून बघितल्यावर निघत नाहीये अशी खात्री झाली की नॉब उजवीकडे. पिन वर न घेता दाबलं की कपलर धड बसत नाही आणि गॅस फुस्स करून बाहेर येतो. हलक्या सेटमध्ये कपलरच्या ओ-रिंग लवकर कडक होतात, रिंग अडकते, आणि हाय साइडचा कपलर अडचणीच्या जागी असला की हात सोलवटतात. माझ्याकडच्या सेटमध्ये कपलर व्यवस्थित आहेत, पाइप मात्र जरा ताठ आहेत, इंजिन बेच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेताना फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवायला त्रास होतो. पाइप किमान दीड मीटरचे बघून घ्या.

गेजच्या अचूकतेचं म्हणाल तर डायलवर बारीक आकड्यात क्लास छापलेला असतो. १.६ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पूर्ण स्केलच्या १.६ टक्के इकडेतिकडे, म्हणजे हाय साइडचा स्केल ५०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) असेल तर ८ पीएसआयची चूक धरून चालायचं, आणि ती चूक काटा कुठेही असला तरी तेवढीच राहते. निदानासाठी हे पुरेसं आहे, कारण आपल्याला काटा १८० वर आहे का १८५ वर हे बघायचंच नसतं, आपल्याला दोन्ही काट्यांची एकमेकांशी संगती बघायची असते. फक्त पेटीतून काढल्यावर काही न जोडता काटा शून्यावर बसलाय का ते बघा, नसेल तर काचेखाली छोटा स्क्रू असतो त्याने शून्य करून घ्या. तेल भरलेले गेज मिळाले तर तेच घ्या, कॉम्प्रेसर चालू असताना काटा थरथरत नाही.

डायलवर प्रेशरच्या आकड्यांच्या आत अजून दोनतीन गोल छापलेले असतात, त्यात तापमानं असतात. बरेच जण त्याकडे बघतच नाहीत किंवा ते हवेचं तापमान समजतात. ते त्या त्या गॅसचं त्या प्रेशरला उकळण्याचं तापमान आहे. माझ्या मते संपूर्ण सेटमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण लो साइडचा काटा २८ पीएसआयवर असेल तर आर-१३४ए च्या गोलावर शून्य अंशाच्या आसपास दिसतं, म्हणजे कूलिंग कॉइलच्या आत गॅस शून्य अंशाला उकळतोय हे लगेच कळतं, आणि मग व्हेंटमधून गरम हवा येत असेल तर प्रश्न कॉइलपर्यंत गॅस थंड पोचण्याचा नाही, पुढचा कुठला तरी आहे हे स्पष्ट होतं. फक्त आपल्या गाडीतल्या गॅसचा गोल कुठला ते नीट बघा, शेजारी दुसऱ्याच गॅसचे आकडे असतात आणि घाईत डोळा तिथे जातो.

आता प्रेशरवरून गॅस का कळत नाही ते. गाडी रात्रभर बंद उभी आहे, सगळं सारख्या तापमानाला आलंय, अशा वेळी गेज लावला तर दोन्ही काटे सारखंच दाखवणार, आणि आत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी ते प्रेशर फक्त तापमानावर ठरणार. पारदर्शक लायटर बघा, अर्धा भरलेला असो की तळाशी थोडाच द्रव उरलेला असो, आतलं प्रेशर तेच असतं, तसंच हे. आर-१३४ए साठी २० अंशाला साधारण ६८ पीएसआय, २५ ला ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४. सिस्टिममध्ये ५०० ग्रॅम असो की ३०० ग्रॅम, ३० अंशाला काटा ९७ च्या जवळच. मग या रीडिंगचा उपयोग काय? उपयोग आहे आणि मोठा आहे. काटा ९७ च्या ऐवजी ४० वर असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, मोठं लीकेज आहे, अशा वेळी गॅस टाकायचा विचारसुद्धा करायचा नाही, आधी लीकेज शोधायचं. आणि काटा ९७ च्या ऐवजी ११५-१२० वर असेल, गाडी खरंच गार असताना, तर आत हवा गेलीय किंवा कोणीतरी भलताच गॅस मिसळलाय. ही दुसरी गोष्ट एसी चालू करून सहजासहजी पकडता येत नाही, गार गाडीवर मात्र मिनिटात पकडता येते, म्हणून मी कुठल्याही गाडीचं पहिलं रीडिंग इंजिन सुरू करायच्या आधीच घेतो.

तरीपण हे गार रीडिंग सोडलं तर गेज ही पहिली पायरी नाहीच. आधी साधा प्रोब असलेला थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खुपसा, बॉनेट उघडं, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) चालू, तापमान एकदम कमी, आणि पाचदहा मिनिटं तसंच ठेवा. धडधाकट एसी फार दमट हवा नसेल तर ५ ते १० अंशाच्या आसपास हवा देतो. इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी नको, तो हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो, आणि चकचकीत ॲल्युमिनियम पाइपवर तर सरळ चुकीचं दाखवतो. पाइपवर वापरायचाच असेल तर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून त्या टेपवर मारा, फरक बघाल.

त्याच वेळी हवा जोरात येतेय का ते बघा. हवा कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, तो धुळीने भरून पापड झालेला असतो आणि माणूस मात्र गॅस कमी झालाय असं धरून चाललेला असतो. ब्लोअर फक्त सगळ्यात वरच्या स्पीडला चालतोय आणि खालच्या स्पीडला नाही, तर ब्लोअर रेझिस्टर गेलाय, त्याचा गॅसशी काडीचा संबंध नाही. कुठल्याच स्पीडला चालत नाही तर फ्यूज, रिले, मोटर, वायरिंग या क्रमाने. सुरुवातीला हवा छान थंड आणि अर्ध्या तासाने येणंच बंद झालं, एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत आली, तर कॉइलवर बर्फ धरतोय, मग तापमानाचा सेन्सर किंवा हवेचा अडथळा बघायचा. पायाशी पाणी सांडत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय. या सगळ्याला गेज लागत नाही आणि तक्रारींचा मोठा हिस्सा याच्यातच असतो, म्हणून मी कोणालाही आधी थर्मामीटर घ्या मग गेज घ्या असंच सांगतो.

हे झालं की मग गेज, आणि आता खरी मजा. चालू स्थितीत आर-१३४ए च्या गाडीत लो साइड साधारण २५ ते ४५ आणि हाय साइड साधारण १५० ते २५० पीएसआय, बाहेर जितकं गरम तितके हे आकडे वर, म्हणून रीडिंग लिहिताना शेजारी बाहेरचं तापमान लिहायचंच, त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दोन्ही काटे खाली असतील तर बहुतेक वेळा गॅस कमी आहे. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण हवा गार असेल तरी दोन्ही खाली दिसतात.

दोन्ही काटे वर असतील तिथे लोक घाईने गॅस जास्त झालाय म्हणून काढायला लागतात. थांबा. आधी कंडेन्सरचा (रेडिएटरपुढची गॅस गार करणारी जाळी) फॅन फिरतोय का, आणि पूर्ण वेगाने फिरतोय का ते बघा, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत कचरा आणि माती अडकलीय का ते बॅटरी मारून बघा, समोरून स्वच्छ दिसतो आणि मागे गाळ असतो. मग कंडेन्सरवर बाटलीने हलकं पाणी शिंपडा. हाय साइड धाडकन खाली आली आणि व्हेंट थंड झाला तर हवा पुरेशी जात नाहीये हे जवळजवळ नक्की, गॅसला हात लावायची गरज नाही. फारसा फरक पडला नाही तर मग जास्त गॅस, आत हवा, किंवा कंडेन्सर आतून तुंबलेला, आणि इथे ते सकाळचं गार गाडीचं रीडिंग कामाला येतं, ते बरोबर आलं असेल तर हवेचा संशय गेला.

लो साइड वर आणि हाय साइड खाली, दोन्ही काटे जणू एकमेकांकडे सरकलेत, तर कॉम्प्रेसर दाबच तयार करत नाहीये. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत व्हेरिएबल कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणे कमी-जास्त गॅस पंप करणारा) असतो, त्यातल्या कित्येकांना पुलीला जोडणारा-सोडणारा क्लचच नसतो, पुली कायम फिरत असते, म्हणून नुसतं डोळ्याने कॉम्प्रेसर चालू आहे का ते समजत नाही. तिथे गेज हाच डोळा. आणि काटे सरकले म्हणून लगेच कॉम्प्रेसर बाद करू नका, त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा त्याला येणारा सिग्नल गेलेला असू शकतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तो व्हॉल्व्ह वेगळा बदलता येतो. इंजिन चालू, एसी चालू, आणि दोन्ही काटे तसूभरही हललेले नाहीत, तर कॉम्प्रेसर कामच करत नाहीये, मग क्लचला करंट येतोय का, रिले, फ्यूज, प्रेशर सेन्सर, ही इलेक्ट्रिकची लाइन धरायची. गॅस फारच कमी झाला की सिस्टिम स्वतःच कॉम्प्रेसर लावू देत नाही, हेही त्यातच येतं.

लो साइड खूप खाली, अगदी व्हॅक्यूमकडे गेलेली, तर मध्ये कुठेतरी अडथळा आहे. हात फिरवत जा, जिथे पाइप अचानक गार होतो किंवा दव-बर्फ धरतो तिथेच अडथळा. ड्रायरच्या (गॅसमधली ओल शोषणारी डबी) एका बाजूला कोमट आणि दुसऱ्या बाजूला गार लागला तर ड्रायर तुंबलाय, तिथे तापमान बदलायचं कारणच नाही. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलच्या आधी गॅस बारीक भोकातून सोडणारा) बंद अवस्थेत अडकला तरी असंच. आणि सुरुवातीला सगळं छान, थोड्या वेळाने लो साइड हळूहळू व्हॅक्यूमकडे, कूलिंग गायब, बंद करून थोडं थांबलं की परत छान, तर आत ओल आहे, ती एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकाशी गोठते आणि वितळते. इथे नुसता गॅस बदलून भागत नाही, ड्रायर बदलायचा आणि व्यवस्थित व्हॅक्यूम मारायचा. एसीचं पीएजी तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून एखादा पाइप उघडला की त्याची तोंडं लगेच बंद करायची, उघडी ठेवून चहाला जायचं नाही.

आता ज्यासाठी मी हा सेट सगळ्यात जास्त मानतो ते सांगतो. दोन्ही प्रेशर अगदी बरोबर, कॉम्प्रेसरकडे परत जाणारा जाड पाइप गार आणि घामेजलेला, आणि व्हेंटमधून मात्र कोमट हवा. म्हणजे गॅसची बाजू निर्दोष आहे हे गेजने सिद्ध करून दिलं, आणि दोष डॅशबोर्डच्या आत आहे. तिथे ब्लेंड डोअर असतं, ते हीटर कॉइलवरून किती हवा न्यायची ते ठरवतं, त्याची छोटी मोटर किंवा प्लास्टिकचा गिअर तुटला की थंड झालेली हवा परत हीटरवरून गरम होऊन येते. तापमानाचं बटण फिरवताना डॅशबोर्डमधून टक टक टक आवाज येत असेल तर हेच. एका बाजूच्या व्हेंटला थंड आणि दुसऱ्या बाजूला कोमट असेल तरी हे असू शकतं, पण काही गाड्यांत गॅस कमी झाल्यावर कॉइलचा एकच भाग थंड होतो आणि तसाच फरक दिसतो, मग ठरवायचं कसं, तर गेजनेच. ज्यांनी गेज लावलाच नाही ते गॅस काढतात, भरतात, परत काढतात, आणि दोष तिथेच राहतो.

हीटरच्या तक्रारीला गेजचा उपयोग नाही, पण एसी आणि हीटर एकाच पेटीत राहतात म्हणून इथेच लिहितो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आत जाणारे हीटरचे दोन पाइप असतात, हात भाजणार नाही असं जपून त्यांचं तापमान बघा. दोन्ही गरम आणि व्हेंट थंड, तर परत तेच ब्लेंड डोअर. एक गरम आणि दुसरा थंड, तर हीटर कॉइल तुंबलीय किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमटच, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकलीय, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय, तेव्हा तापमानाचा काटाही बघा, तो मधल्या जागेपर्यंत येतच नसेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. काचेच्या आतून चिकट धूर बसतोय आणि गोडसर वास येतोय तर हीटर कॉइलच गळतेय, ती दुरुस्ती पुढे ढकलू नका. आणि गरम इंजिनच्या कूलंटचं झाकण कधीच उघडायचं नाही.

गेजच्या जोडीला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली रीडिंग दाखवणारं यंत्र) असेल तर दुधात साखर. बऱ्याच गाड्यांत हाय साइडच्या प्रेशर सेन्सरचं लाइव्ह रीडिंग दिसतं. ते आणि लाल गेज शेजारी शेजारी ठेवून बघा. गेज १८० म्हणतोय आणि सेन्सर ३५० म्हणतोय तर दोष गॅसचा नाही, सेन्सर खोटं बोलतोय, आणि त्याच खोट्यावर विश्वास ठेवून गाडी कॉम्प्रेसर बंद करतेय. हा दोष गेजशिवाय पकडायचा तर अंदाजाने सेन्सर बदलायला लागतो.

लीकेज शोधायला हा सेट अर्धवटच आहे हेही स्पष्ट सांगायला हवं. व्हॅक्यूम मारून काटा तासभर हलला नाही म्हणून लीकेज नाही असं नाही, व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फक्त एका वातावरणाचा दाब असतो आणि चालू सिस्टिममध्ये आतून बाहेर त्याच्या दहापंधरा पट. शिवाय लो साइडच्या गेजवर व्हॅक्यूमचा भाग इतका आखूड असतो की आत ओल शिल्लक आहे का ते त्यावरून समजत नाही, त्यासाठी व्हॅक्यूम बारकाईने मोजणारा वेगळा मायक्रॉन गेज लागतो. लीकेजला कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन साबणाचा फेस, नाहीतर यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) आणि त्याची टॉर्च, नाहीतर इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. डिटेक्टर पाइपच्या खालच्या बाजूने फिरवा, आर-१३४ए हवेपेक्षा जड असतो, तो खाली उतरतो. कॉइलचं लीकेज डोळ्याला दिसत नाही, तिथे ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टर धरतात. आणि सगळ्यात आधी सर्व्हिस पोर्ट बघा, टोपी नसलेला पोर्ट आणि आतला झिजलेला व्हॉल्व्ह, एवढ्याशा गोष्टीतून वर्षभरात गॅस जातो. लीकेज बंद करणारं द्रावण मात्र टाकू नका, ते लीकेज बुजवतं की नाही ते सोडा, वर्कशॉपची गॅस काढायची मशीन त्याने खराब होऊ शकते.

मग गॅस किती ते कळायचं कसं? एकच पद्धत, सगळा गॅस मशीनने काढून घ्यायचा, वजन करायचं, व्हॅक्यूम मारायचा, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढाच ग्रॅम मोजून भरायचा. बऱ्याच कारमध्ये हा आकडा ४०० ते ७०० ग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे ५०-१०० ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी फरक पडतो, आणि नवीन गाड्यांत गॅस जितका कमी तितकी चूक महाग. हे काम मी घरी करत नाही, मशीन असलेल्या ठिकाणी जातो, पण जाताना माझी रीडिंग लिहून नेतो आणि काढलेला गॅस किती निघाला ते विचारतो. बरेच ठिकाणी आनंदाने सांगतात. निघालेला आकडा आणि स्टिकरचा आकडा यांतला फरक हाच गळतीचा खरा पुरावा.

सुरक्षेचं दोनचार वाक्यांत सांगतो पण हलक्यात घेऊ नका. चष्मा आणि हातमोजे घालायचेच, आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशाला उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. कॅन जोडलेला असताना आणि इंजिन चालू असताना लाल नॉब कधीही, कधीही उघडायचा नाही, हाय साइडचा दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटू शकतो. गॅस मुद्दाम हवेत सोडायचा नाही, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे आणि नसता तरी सोडू नये, आर-१३४ए चा एक किलो १०० वर्षांच्या हिशोबात सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

याच कारणामुळे युरोपियन युनियनने २०१७ पासून सगळ्या नवीन कारमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या पटीतला असा आकडा १५० च्या वर असलेले गॅस बंद केले आणि बऱ्याच नव्या गाड्या आर-१२३४वायएफ वर गेल्या. त्याचे पोर्ट वेगळे, कपलर वेगळे, आणि तो थोडा ज्वलनशील आहे, तेव्हा आर-१३४ए चा सेट ॲडॉप्टर लावून त्याच्यावर वापरायचा नाही, पाइपमधला जुना गॅस त्यात मिसळतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा सेट लांबच ठेवा, तिथे कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, बहुतेकांत वेगळं पीओई तेल असतं, आणि आपल्या पाइपमधून थोडं जरी पीएजी तेल आत गेलं तरी इन्सुलेशन कमजोर होतं. शिवाय हीट पंप (एसीच उलटा चालवून केबिन गरम करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हीटिंग चालू असताना गॅसचा मार्गच बदलतो, वर लिहिलेले काट्यांचे नमुने तिथे तसेच लागू होत नाहीत.

अजून एक, सेट काढताना. लोक इंजिन बंद करून दोन्ही कपलर ओढून काढतात आणि लाल पाइपमधला द्रव गॅस वाया जातो. त्यापेक्षा एसी चालू असतानाच आधी हाय साइडच्या कपलरचा नॉब डावीकडे फिरवून पोर्ट बंद करा, मग मॅनिफोल्डचे दोन्ही नॉब हळूहळू उघडा, पिवळ्या पाइपचं तोंड बंद आहे ना ते बघून, लाल पाइपमधला गॅस लो साइडकडे ओढला जातो आणि दोन्ही काटे लो साइडच्या आकड्यावर येतात, मग लो साइडचा पोर्ट बंद करा, इंजिन बंद करा, आणि कपलर काढा. कमी गॅसच्या गाडीत दरवेळी पाइपभर गॅस घालवत बसलात तर तपासूनतपासूनच गॅस कमी होईल. पोर्टच्या टोप्या परत लावा, त्या नुसत्या धुळीसाठी नाहीत, गॅस अडवायलाही आहेत.

ऑर्डर करण्याआधी बॉनेट उघडून ते स्टिकर वाचा, गॅस कुठला, किती ग्रॅम, तेल कुठलं, आणि लो साइड हाय साइडच्या पोर्टपर्यंत हात पोचतो का तेही बघून ठेवा. काही गाड्यांत लो साइडचा पोर्ट बॅटरीच्या मागे इतका आत असतो की सरळ कपलर बसतच नाही, काटकोनात वळलेला छोटा कपलर मागवावा लागतो.